घरची कावीळ

आमचं गाव सोनगीरहून आत, हमरस्ता सोडून दोन-अडीच मैलांवर. गावात बघण्यासारखं काही नव्हतं. तरी दर रविवारी सकाळच्या पहिल्या एसटीतून पाच-सात अनोळखी माणसं उतरायची आणि त्यांचे डोळे बघून टपरीवाला न विचारताच हात करायचा, "तो निंब शे ना, त्याना डाव्या अंगले." ते आमचं घर. माझे वडील काविळीची माळ घालत. सगळं गाव त्यांना आबा म्हणायचं आणि मीही आबाच म्हणायचो.

माळ म्हणजे एका झुडपाच्या मुळीचे गव्हाएवढे तुकडे, पांढऱ्या दोऱ्याच्या गाठींत अडकवलेले. झुडपाचं नाव आबा कुणाला सांगत नसत, मलाही त्यांनी ते कधी सांगितलं नाही. रोग्याला उपाशीपोटी पूर्वेकडे तोंड करून बसवायचं आणि माळ चुंबळीसारखी डोक्यावर ठेवायची. पहिल्या दिवशी ती टाळूवर जेमतेम मावे. मग रोज थोडी थोडी वाढत कानांवर, गळ्यात, छातीवर उतरे. बेंबीपर्यंत पोचली की कावीळ उतरली. मोबदला एक नारळ, तोही मारुतीपुढे फोडायचा आणि तिथंच वाटायचा. चुन्याच्या पाण्यात रोग्याचे हात धुऊन पिवळं पाणी काढून दाखवणारे लोक पंचक्रोशीत होते, त्यांना आबा नजरबंदीवाले म्हणत आणि त्यांच्या दारावरून जाणंही टाळत.

माळ घालून झाली की आबा राखेनं आणि कडुनिंबाच्या पाण्यानं तीनदा हात धुवायचे. त्यानंतरही दिवेलागणीपर्यंत घरातल्या पोरांना हात लावायचे नाहीत. लहानपणी मला रविवार त्यासाठी आवडायचा नाही. बाकी सहा दिवस मी त्यांच्या मांडीवर असायचो, आणि रविवारी मात्र ते ओट्यावर आणि मी उंबऱ्यात.

आबांच्या स्वतःच्या डोळ्यांत बारमाही पिवळी झाक होती, गाईच्या तुपासारखी. माझ्या आजोबांच्याही, मोठ्या आबांच्याही, होती म्हणे. बाहेरच्या माणसाला हे विचित्र वाटलं असतं, की कावीळ उतरवणाऱ्याचेच डोळे पिवळे. पण आमच्याकडे तीच पदवी होती. लोक म्हणायचे, आबा दुसऱ्याची कावीळ स्वतःवर घेतात, ती जाणार कुठे, डोळ्यांत राहते. आबा यावर हो म्हणत नसत आणि नाहीही म्हणत नसत. मला वाटतं त्यांचाही त्यावर विश्वास होता. चाळीस वर्षं लोकांनी एखादी गोष्ट आपल्याबद्दल सांगितली, की आपण ती ऐकूनच मोठे होतो.

मी धुळ्याला शास्त्र शाखेत शिकलो, मग लॅब टेक्निशियनचा कोर्स केला आणि तिथल्याच एका खाजगी दवाखान्याच्या प्रयोगशाळेत लागलो. हे ऐंशीच्या दशकातलं. नवं नवं शिकलेल्या माणसाला घरच्यांना शहाणं करायची फार घाई असते. मीही एका रविवारी आबांना सांगितलं, की बहुतेक कावीळ तीन-चार आठवड्यांत आपली आपणच जाते, आणि तुमची माळही तीन-चार आठवड्यांतच बेंबीपर्यंत येते. तिच्या गाठी सैल असतात म्हणून ती वाढते. आबांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "गाठ ढिलीच बांधनी पडस, नईतर ती वाढस नई. मंग तुले त्रास काय शे?"

मी पिशवी उचलली आणि संध्याकाळची धुळ्याची एसटी धरली.

माझी बायको जळगावची. शहरातली, स्पष्ट बोलणारी, आणि माझ्यापेक्षा हिशेबी डोक्याची. आमची मुलगी सहा वर्षांची असताना दिवाळीला आम्ही गावी गेलो. अंघोळीनंतर बायको तिचे केस पुसत होती, ती थांबली आणि तिनं मला हाक मारली. मुलीचे डोळे पिवळे झाले होते. मी तिला उजेडात नेलं, खालच्या पापण्या ओढून बघितलं. कावीळच होती.

शहरातल्या, शिकलेल्या माझ्या बायकोनं त्या दिवशी जे केलं त्याचं मला तेव्हा नवल वाटलं, आता वाटत नाही. ती पदर सारखा करून आबांसमोर उभी राहिली आणि म्हणाली, "आबा, हिला माळ घाला."

आबांनी मुलीकडे एकदा बघितलं. मग उठले आणि म्हणाले, "तिले माळ नई."

"का?"

"नई म्हंजे नई."

आणि ते शेतात निघून गेले. ऐन दिवाळीच्या दिवशी, जेवायच्या वेळी.

बायकोला ते फार लागलं. सगळ्या जगाला माळा घालतात आणि नातीला नाही, असं ती परतताना एसटीत सबंध वाटभर म्हणत होती. त्यातून आणखी एक गोष्ट तिनं हेरली होती. चार दिवस आबांनी मुलीला जवळ घेतलं नव्हतं. एरवी आम्ही आलो की ती त्यांच्या खांद्यावरून खाली उतरत नसे. या वेळी ती जवळ गेली की ते काहीतरी निमित्त काढून उठायचे. आणि सारखे हात धुवायचे, रविवार नसतानाही. मुलीनं मला विचारलं, "आबा माझ्यावर रागावलेत का?" मी म्हटलं, नाही गं, त्यांना काम असतं. माझ्या मनात आलं, आजारी पोरीची त्यांना किळस येते की काय. वडिलांबद्दल असा विचार केल्याची मला अजून लाज वाटते.

दोन-तीन महिन्यांनी गावचा एक माणूस भेटला, त्यानं सांगितलं की आबांनी माळ घालणं बंद केलं. दिवाळीपासूनच. विचारलं तर नजर चालत नाही म्हणतात. मला वाटलं, चला, आपलं विज्ञान जिंकलं. स्वतःची पाठ थोपटायची संधी मी तेव्हा सहसा सोडत नसे.

मुलीचा पिवळेपणा जायचा आणि परत यायचा. बायकोनं तिचं तेल, तूप, तिखट, हळद बंद केली होती. पाण्यातलं वरण, कोरडी भाकरी, उसाचा रस. खान्देशातल्या घरात पोराला भरीत आणि शेवेची भाजी नाकारायची म्हणजे शिक्षाच. ती बिचारी आमच्या ताटांकडे बघत तिचं पांढरं वरण खायची. संक्रांतीनंतर तिला साधा सर्दी-ताप झाला. ताप उतरला, पण पोरगी उठेना. ओठ पांढरे पडले. दोन पायऱ्या चढली की बसायची.

तिचं हिमोग्लोबिन मीच केलं. त्या काळी काचेच्या बारीक नळीत रक्त घालून त्यात थेंबाथेंबानं पाणी मिसळायचं आणि शेजारच्या तपकिरी काचेशी रंग जुळेपर्यंत थांबायचं, अशी रीत होती. तिच्या नळीत मी पाण्याचे चार थेंब टाकले आणि रंग काचेपेक्षाही फिका झाला. सहाच्या आसपास. निम्मं रक्त. मी नळी धुतली आणि पुन्हा केलं. मग तिसऱ्यांदा केलं. दुसऱ्या कुणाच्या पोराचं असतं तर एकदाच करून आकडा लिहून टाकला असता.

मुलांच्या डॉक्टरांनी तिचं पोट चाचपलं. डाव्या बरगडीखाली प्लीहा, जिला आमच्याकडे जुनी माणसं पानथरी म्हणतात, चार बोटं वाढलेली होती. कावीळ, पांढरेपणा, वाढलेली पानथरी. डॉक्टर माझ्याशी बोलताना टेबलावरच्या पेपरवेटकडे बघत होते. म्हणाले, "मुंबईला नेऊन हाडातल्या मज्जेची तपासणी करून घ्या. काही मोठं असेल तर वेळेत कळलेलं बरं." मोठं म्हणजे काय ते त्यांनी सांगितलं नाही. मला सांगायची गरजही नव्हती. रक्ताच्या कर्करोगाचे दोन-तीन रिपोर्ट माझ्या हातून टाइप झाले होते, त्यातला एक मुलगा सातच वर्षांचा होता.

आमच्या प्रयोगशाळेच्या डॉक्टरांना आम्ही साहेब म्हणायचो. कमी बोलणारे, सूक्ष्मदर्शकाला डोळा लावला की चहा गार होईपर्यंत मान वर न करणारे. मी मुलीच्या रक्ताचा थेंब काचेवर पातळ ओढला, ती काच त्यांच्यापुढे ठेवली आणि मागे उभा राहिलो. पाच मिनिटांनी ते म्हणाले, "पांढऱ्या पेशींत वाईट असं काही दिसत नाही मला. तेवढ्यावर मुंबई रद्द करा असं मी म्हणणार नाही. पण या तांबड्या पेशी बघा."

मी बघितलं. तांबडी पेशी बशीसारखी चपटी असते, मधोमध दबलेली, म्हणून काचेवर तिचा मध्य फिका दिसतो. इथं कितीतरी पेशींना तो फिका मध्यच नव्हता. बारीक, गोल, गडद. मोहरीसारख्या.

"काही जणांत जन्मतःच पेशीची आतली जाळी कच्ची असते," साहेब म्हणाले. "मग ती बशी राहत नाही, गोळी होते. तसं असेल तर भ्यायचं कारण नाही. मिठाच्या पाण्याची चाचणी करा. पुस्तकात आहे."

ही चाचणी आमच्याकडे आजवर कुणी केली नव्हती. मी पुस्तक उघडून बसलो. चौदा नळ्या मांडायच्या. पहिलीत रक्ताइतकंच खारट पाणी, पुढच्या प्रत्येक नळीत मीठ थोडं थोडं कमी, शेवटचीत जवळजवळ नुसतं पाणी. प्रत्येकीत रक्ताचे दोन थेंब टाकून थांबायचं. मीठ पुरेसं असेल तर पेशी शाबूत राहून तळाशी बसतात आणि वर पाणी नितळ राहतं. मीठ कमी पडलं की पेशी पाणी पिऊन फुगतात आणि फुटतात, सगळी नळी कोकमाच्या सरबतासारखी लाल होते. धडधाकट पेशी बऱ्याच पुढच्या नळीपर्यंत तग धरतात. गोल पेशी आधीच फुगलेल्या, त्या लवकर फुटतात. आणि आपलं मीठ, आपला तराजू यांत चूक असू शकते म्हणून शेजारी निरोगी माणसाच्या रक्ताच्या तशाच चौदा नळ्या लावायच्या. त्याला कंट्रोल म्हणतात.

कंट्रोलसाठी टेक्निशियन स्वतःचंच रक्त घेतो. सगळीकडे हीच रीत. निरोगी माणूस कुठून धरून आणणार, आणि आपला दंड तर हाताशीच असतो. मी बाही वर केली, सहकाऱ्यानं सुई टोचली, आणि दोन रांगा लावल्या.

मुलीच्या रांगेत पाचवी नळी लाल झाली. कंट्रोलच्या रांगेतही पाचवीच.

साहेब म्हणाले, "तुमचं पाणी पातळ झालंय. मीठ दमट असणार."

मी मीठ भट्टीत वाळवलं, पुन्हा तोललं, पुन्हा अठ्ठावीस नळ्या. पुन्हा तेच. ऊर्ध्वपातित पाणी नवं आणलं, तराजूची वजनं दुसऱ्या प्रयोगशाळेत जाऊन ताडून घेतली. तिसऱ्या दिवशी पुन्हा तेच, पाचवी आणि पाचवी. मला माझ्या हाताचा फार अभिमान होता. धुळ्यात माझ्यासारखी काच कुणी ओढत नाही असं मी चारचौघांत म्हणून दाखवायचो. त्या दिवशी नळ्या धुताना माझ्या हातून दोन फुटल्या.

साहेबांनी चष्मा काढला. "तुमच्या तराजूवर माझा विश्वास नाही. पण दोन्ही रक्तं एकाच पाण्यात आहेत आणि दोन्ही सारखीच वागतायत. म्हणजे तिच्या पेशी कंट्रोलसारख्याच. गोल दिसल्या त्या कदाचित काच नीट ओढली न गेल्यामुळे असतील." ते थांबले. "मुंबईला न्या."

संध्याकाळी बायको बॅग भरत होती. दोन फ्रॉक, टॉवेल, सोनगीरचा पितळी तांब्या. मुलगी खाटेवर पडून आमच्याकडे बघत होती. मी बायकोला चाचणीचं सगळं सांगितलं. ऐकेल त्याला मी सांगत होतो, तीन दिवस माझ्या डोक्यात दुसरं काही नव्हतंच.

"त्या शेजारच्या नळ्या कुणाच्या होत्या?" तिनं विचारलं.

"माझ्या. कंट्रोल."

ती घडी घालायची थांबली.

"अहो, निरोगी म्हणून तुम्ही स्वतःला घेतलंत? तुमच्या घराण्यातलं? तुमच्या घरात डोळे पांढरे आहेत कुणाचे? आबांचे पिवळे, तुमचे पिवळसर. लग्नात माझ्या मामांनी विचारलं होतं मुलगा आजारी आहे का. तेव्हा तुम्हीच म्हणालात, आमच्या घरचा रंगच तसा."

मी आरशाकडे गेलो. सूर्य मावळतीला होता, खिडकीतून उजेड थेट तोंडावर येत होता. पापणी खाली ओढली. गाईच्या तुपासारखी झाक. बारा-पंधरा वर्षं रोज दाढी करताना बघत होतो. आरसा तोच होता आणि मी कधी बघितलंच नव्हतं. काखेत कळसा आणि गावाला वळसा, तो हा.

"माझं रक्त घ्या," बायको म्हणाली. "जळगावचं आहे. माझे डोळे पांढरे आहेत."

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तीन रांगा लावल्या, बेचाळीस नळ्या. मुलगी, मी आणि बायको. साहेब स्वतः येऊन शेजारी बसले. अर्धा तास आम्ही नळ्यांवर नजर ठेवून होतो. मुलीची पाचवी नळी लाल झाली. माझीही पाचवी. बायकोची पाचवी नितळ, सहावी नितळ, सातवी, आठवी नितळ. तिचं रक्त तळाशी शहाण्यासारखं बसून होतं. नववीला कुठे गुलाबी छटा आली.

मी स्टुलावर बसलो आणि रडायला लागलो. असा रडलो, की बाहेर लघवीच्या तपासणीला आलेला म्हातारा दारातून डोकावून गेला. पोरगी जगणार होती. जिवावरचं शेपटावर निभावलं होतं. साहेबांनी माझी पापणी ओढून बघितली आणि हसले. त्यांना हसताना मी फारदा पाहिलं नव्हतं. "इतकी वर्षं माझ्यासमोर बसता," ते म्हणाले, "आणि मी तुमचे डोळे बघितले नाहीत. मी काय पॅथॉलॉजिस्ट!"

मग त्यांनी वहीत चित्र काढून समजावलं. तांबड्या पेशीच्या पातळ कातडीला आतून प्रथिनांच्या धाग्यांची जाळी असते. धागे एकमेकांना आणि कातडीला जागोजागी गाठींनी जोडलेले. पेशीला आकार येतो तो या जाळीमुळे. शरीरात केसापेक्षा बारीक वाटांतून तिला वाकून, दबून जावं लागतं आणि पलीकडे गेल्यावर परत बशी व्हावं लागतं, तेही जाळीमुळेच जमतं. आमच्या घरात त्या जाळीतली कुठली तरी एक गाठ कच्ची. त्यामुळे कातडी सुटत जाते, पेशी गोल होते, आणि गोल पेशी पानथरीच्या अरुंद बोळात अडकून मोडते. मोडलेल्या रक्ताचा रंग डोळ्यांत उतरतो. यकृताचा काही दोष नाही, कुणाला लागण होत नाही, तेल-हळद बंद करायचं कारण नाही. तापात नवं रक्त बनणं काही दिवस थांबलं म्हणून ती इतकी पांढरी पडली होती. आता फोलिक ॲसिडची गोळी द्या, थोडी मोठी झाली की गरज पडल्यास पानथरी काढता येते. "तिच्या आजोबांचंही रक्त आणा," ते शेवटी म्हणाले. "तीन पिढ्या दिसल्या की माझी खात्री."

त्या दिवशी बायकोनं शेवेची भाजी केली, वर लाल तर्री तरंगणारी. मुलीनं घाम पुसत पुसत दोन भाकरी खाल्ल्या. मुलांच्या डॉक्टरांनीही रिपोर्ट बघून मुंबई पुढे ढकलली. बॅगेतला पितळी तांब्या परत फळीवर गेला.

रविवारी मी सुई आणि बाटल्या घेऊन गावी गेलो. निंबापासचा ओटा रिकामा होता. आबांना मी सगळं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं, पोरीचं दुखणं ओळखायला तुमचं थोडं रक्त हवं.

"मी रगत देवाव नई," ते म्हणाले. "हातना गुन निंघी जाई."

हे मला ठाऊक होतं. माळ घालणाऱ्यानं अंगातलं रक्त बाहेर काढू द्यायचं नाही, असा आमच्याकडे नेम. साधी दाढीही आबा इतकी जपून करायचे, की निम्मे खुंट तसेच राहायचे. मी वाद घातला नाही. बाटल्या पिशवीत परत ठेवायला लागलो.

तेवढ्यात त्यांनी विचारलं, "रगत दिधं म्हंजे पोर बरी व्हई?"

"बरी होईलच असं नाही, आबा. पण तिला काय झालंय ते पक्कं कळेल."

ते माझ्याजवळ सरकले. मग सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली आणि हात माझ्यापुढे धरला. "ले. बठ्ठं ले."

ते सगळं घे म्हणाले, मी पाच मिलिलिटर घेतलं. सुई टोचताना त्यांनी डोळे मिटून घेतले होते, आणि मला दिसलं की त्यांना सुईची भीती वाटत नव्हती. चाळीस वर्षांचं काहीतरी ते हातातून सोडून देत होते.

त्यांचीही पाचवी नळी लाल झाली. साहेबांनी टेबलावर हलकेच बोट आपटलं आणि म्हणाले, "संपला विषय."

पुढे मुलगी दहा वर्षांची झाल्यावर तिची पानथरी काढली, नव्वदीच्या दशकात. महिन्याभरात तिचे डोळे असे पांढरे झाले की आमच्या घरात ती परकी दिसायला लागली. पेशी अजून गोलच आहेत, पण आता वाट अडवायला कुणी नाही. आता ती स्वतः आई आहे. हे सगळं नंतरचं. मला सांगायचीय ती त्या रिपोर्टनंतरच्या रविवारची दुपार.

आम्ही तिघं गावी गेलो. आबा ओट्यावर बसले होते. मुलगी त्यांच्याकडे धावली नाही, दिवाळीपासून ती शिकली होती. खांबाला धरून उभी राहिली. मी आबांशेजारी बसलो आणि विचार करू लागलो, की पेशी, प्रथिनं, जाळी हे त्यांना कसं सांगावं. मग भिंतीच्या कोनाड्यात अर्धवट ओवलेली, दिवाळीपासून पडून असलेली माळ दिसली. ती घेतली.

"आबा, रक्तात बारीक बारीक पेशी असतात. त्यांच्या आत अशीच दोऱ्याची जाळी असते, गाठी मारलेली. त्या जाळीनं त्यांचा आकार टिकतो. आपल्या घरात त्यातली एक गाठ ढिली बांधलेली आहे. जन्मापासूनच. म्हणून पेशी सुटतात, मोडतात, आणि डोळे पिवळे होतात."

आबांनी माळ माझ्या हातातून घेतली. दोन्ही टोकं धरून हलकी ओढली. गाठ सरकली, माळ बोटभर वाढली. त्यांना माझ्यापेक्षा लवकर कळलं.

"कोन्ही गाठ ढिली शे?" त्यांनी विचारलं.

"तुमची. माझी. तिची. मोठ्या आबांचीही असणार."

"लोके येतस, त्यास्नी?"

"नाही. त्यांचा आजार वेगळा. आपला वेगळा."

त्यांनी सरकलेली गाठ बोटानं परत मागे लोटली. मग अगदी हळू, जणू उत्तर नको असल्यासारखं विचारलं, "म्हंजे ही लोकेस्नी कावीय नई? मी आनी नई ना तिन्हावर?"

मला क्षणभर समजलंच नाही. मग एकदम सगळं समजलं. चाळीस वर्षं त्यांनी लोकांची कावीळ स्वतःवर घेतली, असं लोक म्हणत आले होते. दिवाळीच्या सकाळी नातीचे डोळे बघून त्यांना वाटलं होतं, की आपलं अंग भरलं आणि आता ते तिच्यावर सांडलं. म्हणून माळ बंद. म्हणून ते सारखं हात धुणं. "ज्या हातनी दिधी," ते म्हणाले, "त्याच हातनी काढता येस का? म्हनीसन माळ नई सांगं." आणि मी त्यांच्या त्या चार महिन्यांवर माझ्या विज्ञानाचा विजय असा शिक्का मारून बसलो होतो.

बायको दारात उभी होती. तिनं पदर तोंडाला लावला.

"नाही आबा," मी म्हटलं. "लोकांची एकही नाही. पण खोटं कशाला सांगू, आली ती तुमच्याकडूनच. तुमच्याकडून मला, माझ्याकडून तिला. रक्तातून."

आबा हसले. दिवाळीनंतर पहिल्यांदा. "ते चालस," ते स्वतःच्या नाकाला बोट लावून म्हणाले. "नाक बी मनंच शे तिनं."

माळ घालणं त्यांनी नंतर पुन्हा सुरू केलं, रक्त दिल्यानं हातचा गुण गेल्याचं नावही काढलं नाही, हेही सांगायला हवं. पण आता ते आलेल्या माणसाला आधी धुळ्याला पाठवायचे, रगत तपासी ये म्हणून, आणि रिपोर्टचा कागद बघितल्याशिवाय माळ घालायचे नाहीत. रिपोर्ट त्यांना वाचता यायचा नाही. खाली माझी सही आहे की नाही, तेवढं बघायचे.

त्या दुपारी त्यांनी माळ कोनाड्यात ठेवली. कोपऱ्यात राखेचं मडकं होतं, पाण्याची बादली होती, कडुनिंबाचा पाला होता. आबांनी तिकडे बघितलं, आणि मग खांबापाशी उभ्या असलेल्या पोरीकडे दोन्ही हात पुढे केले. ती एकदा माझ्याकडे बघून त्यांच्या मांडीवर जाऊन बसली. त्या दिवशी आबांनी हात धुतले नाहीत.